चाळीस वस्तू स्टेजवर पुकारू नका

ताई, गोव्यात डिचोलीजवळची तुमची मराठी शाळा, छपराच्या दुरुस्तीला पैसे हवेत, जानेवारीत स्नेहसंमेलन आहे, त्यात जाहीर लिलाव करायचाय आणि पालकांकडून चाळीस वस्तू जमल्यात. पालक-शिक्षक संघातून असे लिलाव बरेच केलेत, म्हणून स्पष्टच सांगतो: सगळ्या पुकारू नका. एकेका वस्तूला तीन मिनिटं धरली तरी दोन तास झाले, तोवर अर्धं मैदान रिकामं. दहा-बारा निवडा. बाकीच्या बाहेर टेबलावर मांडा, प्रत्येकीपुढे एक कागद. ज्याला हवी त्याने नाव आणि आकडा लिहायचा, घंटा वाजली की शेवटचा आकडा पक्का.

स्टेजवर दुकानात मिळणारं काही नको. मिक्सरची किंमत सगळ्यांना पाठ असते, बोली तिथेच अडते. त्यापेक्षा एखाद्या बागायतदार पालकाकडून ‘एप्रिलमध्ये चार डझन मानकुराद आंबे घरपोच’ असं लिहून घ्या. हंगामाच्या तोंडाला मानकुरादच्या डझनाला किती हजार मोजावे लागतात, हे समोर बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. चतुर्थीला गणपतीच्या वर फळाफुलांची माटोळी टांगतात, तिचं रानातलं सगळं सामान आणून, बांधून देईन, असं सत्तरी तालुक्यातल्या कुणी कबूल केलं तर पणजीत नोकरी करणारे तुटून पडतील. देणाऱ्याला आधीच विचारून ठेवा, दोघांना देशील का? बोली दोघांत अडली की त्याच आकड्याला दोघांना द्यायची, पैसे दुप्पट. फेणीची बाटली आली तर मात्र हात जोडून परत करा, शाळा आहे.

पुकारायला बाहेरचा निवेदक कशाला? देवळात पावणी, म्हणजे देवाला आलेल्या वस्तूंचा लिलाव, करणारा माणूस गाठा. त्याला घरं माहीत असतात, कोण कुठवर चढेल हेही माहीत असतं. आमच्या गावचे असे एक गृहस्थ आहेत. ‘सहाशे, नायकबाबांचे! एक वार... दोन वार...’ म्हणून थांबतात, चष्मा नाकावर खाली ओढतात आणि मागच्या रांगेत कुणाकडे तरी नुसतं बघतात. सातशे आलेच समजा. फक्त त्यांना एक गोष्ट बजावा. देवळात पैसे मागाहून आले तरी चालतात, देवाचं देणं कुणी बुडवत नाही. शाळेचं बुडतं. ‘तीन वार’ झालं की स्वयंसेवकाने तिथेच चिठ्ठीवर सही घ्यायची आणि पैसे दिल्याशिवाय वस्तू हलवायची नाही. क्यूआर कोड संस्थेच्या खात्याचा लावा, कुणा मास्तरांचा नको.

चढ किती ते आधी ठरवा: हजारापर्यंत ५०, पुढे १००, पाच हजारांवर ५००. सुरुवात अपेक्षेच्या निम्म्याखाली करा. सगळ्यात भारी वस्तू पहिली नको नि शेवटची तर नकोच. सहावी-सातवी बरी.

मुलांची चित्रं ठेवा, पण एकेकट्याची नको. अख्ख्या वर्गाने मिळून केलेलं एक मोठं चित्र ठेवा. नाहीतर ज्याच्या बापाला बोली परवडली नाही, ते पोर दुसऱ्या दिवशी वर्गात तोंड लपवतं. ‘एक दिवस मुख्याध्यापकांच्या खुर्चीत’ असलेही प्रकार मला पटत नाहीत.

खरा पैसा लिलाव रंगात आला की सरळ मागण्यात आहे. मोठी वस्तू गेल्यावर लगेच: छपरासाठी दहा हजार कोण देतो? मग पाच, मग एक, मग ५००, मग २००. वरून खाली यायचं. दोनशेला बहुतेक हात वर होतात, आणि ज्यांना बोली परवडत नाही त्यांनाही छपरात वाटा मिळतो. हे निखळ दान, त्यामुळे संस्थेकडे देणाऱ्याला आयकरात सवलत मिळवून देणारी (८०जीची) नोंदणी असेल तर तशी पावती द्या. रोख २,००० च्या वर गेली तर सवलत मिळत नाही, हे खजिनदारांनी तिथेच सांगावं. लिलावात वस्तू घेणाऱ्याला मात्र दानाची पावती फाडू नका, त्याला बदल्यात वस्तू मिळालेली असते.

वेळेचं म्हणाल तर रात्री १० ला लाउडस्पीकर बंद करावा लागतो, आणि आपल्या पोराचा नाच झाला की पालक उठतात. म्हणून लिलाव शेवटी ठेवू नका. साडेसातच्या सुमाराला, बालवाडीचे नाच बाकी असतानाच उरकून घ्या.