छंद म्हणून इलेक्ट्रॉनिक्स करणाऱ्या बहिणीला भाऊबीजेला काय द्यावे?

आपली बहीण घर सांभाळून वर्षभर आर्डुइनो ऊनो या प्रोग्राम करता येणाऱ्या छोट्या सर्किट बोर्डावर लहानसहान प्रयोग करते आहे, तिच्यासाठी दोन हजारांपर्यंतची ओवाळणी हवी आहे आणि एखादे तयार किट घ्यावे का, असे आपण विचारले आहे. मीही दुपारी घरकाम आटोपल्यावर हाच उद्योग करते, म्हणून सांगते की किट घेऊ नका. वर्षभर हात बसलेल्या माणसाचे किट दोन दुपारींत जोडून होते आणि मग ते कपाटात जाते. त्याच पैशांत चांगली हत्यारे आली तर ती रोज वापरात राहतात.

यादीत पहिला असावा २५ वॉटचा, टोकदार बिटचा सोल्डरिंग आयर्न (सोल्डर नावाचा मऊ धातू वितळवून तारा जोडणारे हत्यार), आणि त्याच्यासोबत स्टँड, जोड नीट धरावा म्हणून लावायचा राळेचा फ्लक्स, बारीक सोल्डर वायर व चुकलेला जोड सोडवण्यासाठी डीसोल्डर पंप. नेहमीच्या सोल्डर वायरमध्ये शिसे असते. ते १८३ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळू लागते आणि हाताळले की बोटांना लागते, त्यामुळे जेवणाच्या टेबलावर हे काम अजिबात करू नये (मी सुरुवातीला करत होते, हे कबूल करते). म्हणून एक वेगळी लाकडी फळीही द्या. ती भेट म्हणून शोभत नाही, पण उपयोगी पडते. दुसरी वस्तू डिजिटल मल्टिमीटर, म्हणजे व्होल्टेज, करंट वगैरे मोजणारे यंत्र. साधासुधा चालेल, मात्र दोन टोकांमधली तार सलग जोडलेली असली की बीप वाजवणारी सोय त्यात हवी, कारण घरच्या प्रयोगांतले बहुतेक बिघाड तुटलेल्या तारेचे किंवा कच्च्या सोल्डरचेच निघतात.

उरलेल्या पैशांत दिवाळीला साजेसा एक प्रकल्प बसतो, तो म्हणजे रंग बदलणारा आकाशकंदील. कामट्यांचा आणि पतंगाच्या कागदाचा नेहमीचाच कंदील घ्यावा व त्यात डब्ल्यूएस२८१२बी जातीची, मीटरला ३० दिव्यांची एलईडी पट्टी गुंडाळून बसवावी. तिच्यातील प्रत्येक दिव्याचा रंग आर्डुइनोच्या एकाच पिनवरून स्वतंत्रपणे ठरवता येतो. यात एक चूक जवळजवळ सगळेच करतात आणि मीही केली होती: पट्टीला वीज आर्डुइनोच्याच ५ व्होल्टच्या पिनमधून दिली. पूर्ण पांढऱ्या उजेडात असा एक दिवा सुमारे ६० मिलिअँपिअर वीज घेतो, म्हणजे ३० दिव्यांना १.८ अँपिअर लागतात. यूएसबीवर चालणाऱ्या ऊनोतील फ्यूज मात्र ५०० मिलिअँपिअरचा असतो. माझ्या कंदिलात पट्टीचे दुसरे टोक पांढऱ्याऐवजी पिवळट-लालसर दिसू लागले, कारण व्होल्टेज घसरले की निळा रंग सर्वांत आधी मंदावतो. तेव्हा ५ व्होल्ट, ३ अँपिअरचा स्वतंत्र अडॅप्टर घ्या, त्याची आणि बोर्डाची ग्राउंड (ऋण बाजूची) तार एकत्र जोडायला सांगा, डेटाच्या तारेत ३३० ओहमचा रेझिस्टर आणि पट्टीच्या सुरुवातीला १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घालायला सांगा. कपॅसिटरची दिशा उलटी होता कामा नये. अडॅप्टर घरातच राहावा आणि गॅलरीत फक्त ५ व्होल्टची तार जावी, कारण दिवाळीतही कधीकधी पाऊस गाठतो. रिले (बोर्डावरून चालू-बंद होणारा स्विच) लावून २३० व्होल्टची उपकरणे चालवण्याचे प्रकल्प मात्र भेट म्हणून देऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

मुंबईत हे सगळे सामान ग्रँट रोड स्थानकाजवळच्या लॅमिंग्टन रोडवर मिळते, तर पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत. भाऊबीज येईपर्यंत दिवाळी सरत आलेली असते, म्हणून पट्टी आणि अडॅप्टर वसुबारसेच्या आधीच बहिणीकडे पोचते करा व हत्यारे ओवाळणीच्या ताटासाठी राखून ठेवा. ऊनोबरोबर जुना आयर्न तिच्याकडे असेलच, कंदिलाचे चार जोड त्याने निभावतील.