पुरात चिकटलेले फोटो सुटतील का?

प्रश्न : आम्ही सांगलीत गावभागात राहतो. २०१९ च्या पुरात तळमजल्यावर पाणी शिरलं तेव्हा सासूबाईंच्या माहेरचा अल्बम आणि पत्रांची पेटी भिजली, तेव्हाच्या गडबडीत तसंच वाळवून ठेवून दिलं. आता काढलं तर फोटोंचा नुसता गठ्ठा झालाय आणि एक फ्रेममधला तर काचेलाच चिकटलाय. पोस्टकार्डं, इनलँड सुटी आहेत पण घडीवर फाटतायत. भावजी म्हणतात लॅमिनेट करून टाका. करू का?
– एक वाचक

उत्तर : नको ताई, भावजींना चहा पाजा पण लॅमिनेशन नको. त्यात गरम करून प्लास्टिकचा गोंद कागदाला चिकटवतात, तो नंतर घरी काढता येत नाही. घडीवर सेलोटेपही नको, तो पिवळा पडतो आणि डाग कायमचा राहतो. पत्रं उलगडून सपाट ठेवा, मोबाईलने दोन्ही बाजूंचे फोटो काढा, पत्ता आणि पोस्टाचा शिक्कासुद्धा, कारण बऱ्याचदा तारीख तिथेच सापडते. पत्रांना पाणी मात्र लावायचं नाही, शाई पसरते.

आता गठ्ठा. ओढायचा नाही, सुरी तर नाहीच नाही. जुन्या ब्लॅक अँड व्हाईट फोटोवर जिलेटिनचा थर असतो, तो भिजला की फुगतो आणि वाळताना शेजारच्या फोटोला धरून बसतो, म्हणूनच परत पाण्यात घातला तर सुटायची आशा असते. आधी ज्याचं फारसं वाईट वाटणार नाही असा एखादा जोड घ्या, पसरट ट्रेमध्ये स्वच्छ गार पाण्यात अर्धा-पाऊण तास ठेवा, आपोआप सरकला तर ठीक नाहीतर थांबा. सुटलेला फोटो चेहरा वर करून टिपकागदावर सावलीत वाळवा. स्टुडिओत हाताने रंगवलेले किंवा घरच्या प्रिंटरवर काढलेले असतील तर पाण्यात घालू नका, रंग जातो. लग्नाचा एकुलता एक फोटो वगैरे असेल तर प्रयोग न करता जाणकाराकडेच द्या.

काचेवरचा काचेसकटच राहू दे, फ्लॅश बंद करून जरा तिरका फोटो काढा म्हणजे चमक येत नाही. बाकीचे स्कॅन करताना ६०० डीपीआय (स्कॅनरने किती बारकावे टिपायचे त्याचं माप) ठेवा आणि एक कॉपी दुसऱ्या घरी, मुलीकडे वगैरे असू दे, कृष्णामाईचं काही सांगता येत नाही.

कसर लागू नये म्हणून अल्बममध्ये हळद भुरभुरवणारे पण भेटलेत मला, सांगलीत हळदीला काय तोटा, पण तिचा डाग पडतो. डांबरगोळ्याही नकोत. वरच्या मजल्यावर आतल्या भिंतीचं कपाट बघा, पत्र्याखालचा माळा उन्हाळ्यात फार तापतो.

आणि सासूबाईंना समोर बसवून कोण कोण ते आत्ताच विचारून घ्या, फोटोमागे कडेला मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने नावं लिहा. गुळगुळीत पाठीच्या रंगीत फोटोवर पेन्सिल उमटत नाही, त्यांची नावं पाकिटावर लिहा, फोटो आत घालायच्या आधी.