तीन पट्ट्या दाबल्या की चौथा स्वर का वाजतो?

आपण फोंड्याहून लिहिले आहे की, २५ पट्ट्यांची छोटी इलेक्ट्रॉनिक पेटी आपण घरी बनवली, पट्ट्या ५ ओळी आणि ५ स्तंभांत जोडल्या, आता सा-ग-प एकत्र दाबले तर बरोबर वाजते, पण सा-म-ध दाबताच न दाबलेला ग सुद्धा वाजतो. शिवाय पाऊस लागल्यापासून हात न लावताही मधूनच एखादा स्वर उमटतो. मी म्हापशात अशा वाद्यांच्या दुरुस्तीचे काम करतो. या दोन तक्रारींची कारणे वेगवेगळी आहेत, म्हणून त्या वेगवेगळ्याच सोडवाव्या लागतील.

पहिली तक्रार कागदावर मांडून पाहा. पांढरी १ पासून क्रमाने जोडणी केली असेल, तर पहिल्या ओळीत सा, कोमल रे, रे, कोमल ग आणि ग येतात, तर दुसऱ्या ओळीत म, तीव्र म, प, कोमल ध आणि ध. म्हणजे सा च्या खाली म आणि ग च्या खाली ध आहे. पट्टी दाबली की तिच्या ओळीची तार तिच्या स्तंभाच्या तारेला जोडली जाते. मायक्रोकंट्रोलर, म्हणजे पट्ट्या वाचणारा चिप, एकेक स्तंभ शून्य व्होल्टवर ओढतो आणि कोणती ओळ शून्यावर आली ते वाचतो. ग आणि ध यांचा स्तंभ शून्यावर असताना दाबलेल्या ध मधून दुसरी ओळ शून्यावर येते, तिथून म मधून पहिला स्तंभ, आणि त्या स्तंभावरून सा मधून पहिली ओळ. पहिली ओळ शून्यावर दिसली, म्हणजे ग दाबला, असे मायक्रोकंट्रोलर समजतो. यात आपल्या प्रोग्रॅमची काही चूक नाही. आयताचे कोणतेही तीन कोपरे दाबले की चौथा आपोआप दाबल्यासारखा दिसतो. सा-ग-प हे एका आयताचे तीन कोपरे नाहीत, म्हणून ते स्वच्छ वाजते. सा-म-प दाबून पाहिलेत तर रे वाजेल.

यावर खरा उपाय एकच: प्रत्येक पट्टीला एक डायोड, म्हणजे प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा भाग. वन-एन-४१४८ हा साधा, स्वस्त डायोड पुरतो. आपल्या जोडणीत प्रवाह ओळीकडून स्तंभाकडे जातो, म्हणून डायोडवरची काळी पट्टी स्तंभाच्या बाजूला ठेवावी. वरच्या उदाहरणात म मधून प्रवाहाला उलट वाहावे लागते. डायोड तो अडवतो आणि वाट तिथेच तुटते. संशयास्पद तिसरी पट्टी प्रोग्रॅममधून नाकारण्याची युक्तीही आहे, आणि टंकलेखनाच्या कीबोर्डला ती चालून जाते. पण तियात्रात (गोव्यातल्या कोकणी नाटकात) किंवा भजनात साथ करणाऱ्याचा एक स्वर गिळणे हे जास्तीचा स्वर वाजण्याइतकेच वाईट आहे, म्हणून वाद्यासाठी मी ती कधीही सुचवणार नाही.

दुसरी तक्रार आपल्या हवेची आहे. गेल्या पावसाळ्यात, चवथीच्या तोंडावर, माझ्याकडे आलेली एक पेटी खालचा सा आपोआप वाजवत होती. उघडल्यावर पट्टीच्या संपर्काशेजारी दोन ट्रॅकच्या मध्ये पांढुरका, थोडा हिरवट थर दिसला. डाख देताना वापरलेला फ्लक्स पुसायचा राहून गेला होता आणि त्यावर खारा दमटपणा बसला होता. मल्टिमीटरने तिथे ९ किलोओहम दाखवले, म्हणजे त्या थरातून प्रवाह गळत होता. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश घेऊन घासले, वाळवले, तेव्हा ती गळती पूर्ण थांबली.

आपण एटीमेगा ३२८पी या मायक्रोकंट्रोलरचे आतलेच पुल-अप, म्हणजे ओळीला ५ व्होल्टकडे ओढून धरणारे रेझिस्टर, वापरता आहात. ते २० ते ५० किलोओहमचे असतात, म्हणजे ओळ फारच सैल धरलेली असते. ५ व्होल्टवर हा चिप १.५ व्होल्टच्या खालचे सर्व काही शून्य समजतो. डायोडवर पडणारे सुमारे ०.६ व्होल्ट धरून हिशेब केला, तर ५० किलोओहमच्या पुल-अपवर १३ किलोओहमची गळतीसुद्धा पट्टी दाबल्यासारखी वाचली जाते. बाहेरून ४.७ किलोओहमचे रेझिस्टर लावले, तर तीच मर्यादा सुमारे १.२ किलोओहमवर येते. म्हणून पाचही ओळींना ते लावा, आणि धुऊन वाळवलेल्या बोर्डावर, संपर्काच्या जागा टेपने झाकून, संरक्षक लॅकरचा एक हात द्या.

या रेझिस्टरचा आणखी एक फायदा आहे. स्तंभ सोडल्यावर ओळ पुन्हा वर यायला वेळ लागतो. ५० किलोओहम आणि केबलचे १०० पिकोफॅरड धरले तर कालांक (ओळ किती वेळात वर येते याचे माप) ५ मायक्रोसेकंद होतो, आणि प्रोग्रॅमने घाईने वाचले तर आधीच्या स्तंभातली पट्टी पुढच्या स्तंभात दिसते. ४.७ किलोओहमवर हा कालांक अर्ध्या मायक्रोसेकंदाच्या आत येतो. तरीही स्तंभ बदलल्यावर १० मायक्रोसेकंद थांबूनच वाचत जा.

दाबताना संपर्क क्षणभर जुळतो-तुटतो, त्या थरथरीसाठी दर मिलिसेकंदाला वाचून सलग ३ वेळा तेच आले तरच स्वर सुरू करा; सोडताना १० मिलिसेकंद थांबले तरी चालते.

सगळे झाल्यावर सा-म-ध, सा-म-प आणि त्यांसारखे प्रत्येक आयताचे तीन-तीन कोपरे दाबून पाहा, आणि मग पेटी एक रात्र उघड्या खिडकीपाशी, पावसाच्या हवेत पण ओल लागू न देता, चालू ठेवून सकाळी तपासा.