बागेतले सेन्सर आणि मुलीच्या नावाची ठेव

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी तालुक्यातील एका वाचकांची पाच एकर द्राक्षबाग असून त्यातील तीन एकर माल ते निर्यातीसाठी धरतात. शिवाय पंचवीस टनांची कांदाचाळ आहे. एका विक्रेत्याने त्यांना ६,८०,००० रुपयांचा प्रस्ताव दिला आहे. त्यात हवामान केंद्र व मातीतील ओलाव्याचे सेन्सर ८५,००० रुपयांना (आणि वर्षाला १२,००० रुपये वर्गणी), ठिबकचे व्हॉल्व्ह उघडण्या-मिटण्याची व खते सोडण्याची स्वयंचलित यंत्रणा ४,३५,००० रुपयांना, आणि चाळीतील तापमान-आर्द्रतेचे सेन्सर १,६०,००० रुपयांना धरले आहेत. मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेली ४ लाखांची मुदत ठेव मोडावी आणि उरलेले २,८०,००० रुपये ११ टक्के व्याजाच्या पाच वर्षांच्या मुदत कर्जातून उभे करावेत, असा त्यांचा विचार आहे. दोन वर्षांत पैसे वसूल होतील, असे विक्रेत्याने लेखी दिले आहे.

सप्रेम नमस्कार. हा प्रस्ताव आहे तसा स्वीकारू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यातील पहिला भाग मात्र विचार करण्याजोगा आहे, आणि दुसऱ्या भागातील थोडेच काही आपल्या खरोखर उपयोगाचे आहे. सेन्सर स्वतः काहीच वाचवत नाही. त्याने दाखवलेला आकडा पाहून आपण एखादी फवारणी टाळली किंवा पाण्याची एखादी पाळी पुढे ढकलली, तरच पैसा वाचतो. म्हणून प्रत्येक उपकरणासमोर मी एकच प्रश्न ठेवला आहे : याच्यामुळे आपला कोणता निर्णय बदलणार, आणि त्या बदलाची किंमत किती?

आधी खर्चाची बाजू पाहू, कारण विक्रेत्याने तिथे केवळ ६,८०,००० हा आकडा लिहून विषय संपवला आहे. अशा इलेक्ट्रॉनिक साहित्याचे उपयुक्त आयुष्य मी पाच वर्षांपेक्षा जास्त धरत नाही. बागेतील ऊन, औषधांचे तुषार, विजा आणि केबल कुरतडणारे उंदीर यांचा अनुभव असलेला कोणीही धरणार नाही. २,८०,००० रुपयांच्या कर्जाचा वार्षिक हप्ता सुमारे ७५,८०० रुपये होतो. ठेवीचे ४ लाख रुपये ७ टक्के व्याजासह पाच वर्षांत परत उभे करायचे, तर वर्षाला सुमारे ९७,६०० रुपये बाजूला काढावे लागतील. त्यात वर्गणीचे १२,००० आणि दुरुस्तीचे निदान १५,००० मिळवले, की वार्षिक भार २ लाखांच्या घरात जातो, म्हणजे एकरी ४०,००० रुपये. हा खर्च बाग फळली नाही त्या वर्षीही करावा लागेल. २०२५ मध्ये मे महिन्यापासून लांबत गेलेल्या पावसाने जिल्ह्यातील बागांचे काय केले, हे मी आपल्याला सांगण्याची गरज नाही.

आता विक्रेत्याने मांडलेला फायदा. फवारणीच्या ४,२०,००० रुपयांवर २५ टक्के म्हणजे १,०५,०००. विद्राव्य खतांच्या २,१०,००० रुपयांवर २० टक्के म्हणजे ४२,०००. पाणी देणाऱ्या गड्याचा पगार १,४४,०००. आणि वीजबचत ४०,०००. ही बेरीज ३,३१,००० होते, आणि त्यामुळेच दोन वर्षांची वसुली कागदावर दिसते.

वीजबचतीचे ४०,००० रुपये तर अस्तित्वातच नाहीत. मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजनेखाली एप्रिल २०२४ पासून ७.५ अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांचे बिल शासन भरते आणि आपला पंप ५ अश्वशक्तीचा आहे. जे बिल आपण भरतच नाही, त्यातून बचत होत नाही. हा तक्ता बहुधा दुसऱ्या राज्यातील ग्राहकासाठी तयार केलेला असावा.

गड्याच्या पगाराचेही तसेच आहे. आपणच लिहिले आहे की तो पाण्याबरोबर जनावरे, औषधांचे मिश्रण आणि बांधणीचे कामही पाहतो. व्हॉल्व्ह आपोआप उघडू लागले म्हणून आपण त्याला कामावरून काढणार नाही. फार तर त्याचा एक तृतीयांश वेळ मोकळा होईल, म्हणजे ४८,००० रुपये, आणि तेही त्या वेळेत बाहेरची मजुरी वाचली तरच.

फवारणीच्या आकड्यावर थोडे थांबावे लागेल, कारण हवामान केंद्राची खरी किंमत तिथेच ठरते. ४,२०,००० रुपयांपैकी बुरशीनाशकांवर आपला खर्च २,४०,००० आहे. बाकी संजीवके (वाढ नियंत्रित करणारी द्रव्ये), सूक्ष्म अन्नद्रव्ये, फुलकिडे आणि मिलीबगची औषधे आहेत, ज्यांच्याबद्दल हवामान केंद्राबरोबरचा पानाच्या ओलेपणाचा सेन्सर काहीही सांगत नाही. बुरशीनाशकांतही डाऊनी आणि भुरी या द्राक्षाच्या दोन बुरशीजन्य रोगांत फरक करावा. डाऊनीला पानावर साचलेले पाणी लागते, त्यामुळे पान किती तास ओले राहिले आणि त्या वेळी तापमान किती होते ही नोंद तिथे सरळ उपयोगी पडते : रात्री पान कोरडेच राहिल्याचे सकाळी दिसले, तर भीतीपोटी मारली जाणारी एक फवारणी टळू शकते. भुरीला मात्र पान ओले असावे लागत नाही. म्हणून २५ टक्क्यांऐवजी मी बुरशीनाशकांवर १५ टक्के, म्हणजे ३६,००० रुपये धरतो. त्यालाही अट आहे : शेजारच्या बागेत फवारणीचा ब्लोअर फिरताना दिसला, की मोबाइलवरचा आकडा बाजूला ठेवून आपणही टाकी भरणार असाल, तर हे ३६,००० शून्य समजावेत. हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही. माझ्याकडे सल्ल्यासाठी येणाऱ्या एका बागायतदारांनी दोन हंगाम वर्गणी भरली आणि फवारणीचे वेळापत्रक मात्र जुन्या वहीप्रमाणेच चालवले.

खतांत १० टक्के म्हणजे २१,००० रुपये धरले, तर एकूण फायदा १,०५,००० होतो. २ लाखांच्या वार्षिक खर्चासमोर हा व्यवहार उभा राहत नाही.

भाग सुटे केले की चित्र बदलते. ८५,००० रुपयांच्या पहिल्या भागाचा वार्षिक भार वर्गणी आणि किरकोळ दुरुस्तीसह ३६,००० रुपयांच्या आसपास येतो, म्हणजे बुरशीनाशकांच्या बचतीइतकाच. वाफसा, म्हणजे मातीतील योग्य ओलावा, नजरेऐवजी मोजून ठरवता आला, तर तो थोडा वरचढही ठरेल. पण आपल्या भारी काळ्या जमिनीत एक धोका आहे. ही जमीन वाळताना भेगाळते, सेन्सरभोवती हवेची पोकळी तयार होते आणि तो कोरड्या मातीचा आकडा दाखवू लागतो. विक्रेता आपल्याच मातीत, आपल्यासमोर त्याचे प्रमाणीकरण करून देणार आहे का, हे लेखी घ्यावे. दोन शेजारी तयार असतील तर हवामान केंद्र सामाईक घ्यावे. पाऊस, तापमान आणि आर्द्रता वाटून वापरता येते, मातीचे सेन्सर व पानाचा सेन्सर तेवढे ज्याच्या त्याच्या बागेत बसवावेत. महावेध या शासकीय प्रकल्पाचे हवामान केंद्र महसूल मंडळात आहेच, परंतु ते आपल्या मांडवाखालचे पान ओले आहे की नाही हे सांगू शकत नाही. उलट हेही ध्यानात असू द्यावे की हवामानाधारित फळपीक विम्याची भरपाई मंडळाच्या संदर्भ केंद्रावर ठरते. आपल्या खासगी केंद्राच्या नोंदी दाखवून ती वाढत नाही.

दुसऱ्या भागाकडे वळण्यापूर्वी आपल्या ठिबकचे वय पाहा. ते २०१३ मध्ये बसवले आहे. नळीच्या आरंभी आणि शेवटी ड्रिपरखाली भांडी ठेवून तितक्याच मिनिटांत किती पाणी जमते ते मोजा. शेवटच्या झाडांना स्पष्टपणे कमी मिळत असेल, तर नवी यंत्रणा तीच विषमता रोज वेळेवर आणि बिनचूक पार पाडेल, आणि महागडी खतेही त्याच प्रमाणात वाटेल. त्यामुळे पहिला खर्च लॅटरल (ओळीतल्या ठिबकच्या नळ्या) आणि फिल्टरवर व्हावा. त्यासाठी अनुदानही आहे : केंद्रीय योजनेच्या ५५ किंवा ४५ टक्क्यांत राज्याची भर पडून अल्प व अत्यल्प भूधारकांना ८०, तर इतरांना ७५ टक्क्यांपर्यंत अनुदान मिळते, आणि जुन्या संचाला सात वर्षे झाली असतील तर त्याच क्षेत्रासाठी पुन्हा अर्ज करता येतो. आपण पाच एकरांचे, म्हणजे दोन हेक्टरांचे, धारक असाल तर पहिल्या गटात बसता. कांद्याची जमीन धरून क्षेत्र जास्त भरत असेल तर दुसऱ्या. अर्ज महाडीबीटी या शासनाच्या संकेतस्थळावर करावा आणि पूर्वसंमती हाती आल्याशिवाय खरेदी करू नये. टक्केवारी शासनाने ठरवलेल्या मापदंडावर मोजली जाते, दुकानदाराच्या बिलावर नाही, आणि रक्कम नंतर जमा होते. तोवरची तरतूद स्वतःची लागते.

विक्रेत्याच्या तक्त्यात नसलेला एक फायदा मात्र मला महत्त्वाचा वाटतो. रात्रपाळीची लाइट असली की व्हॉल्व्ह बदलायला अंधारात बागेत जावे लागते, आणि आपल्या भागात बिबट्याची भीती ही गप्पांपुरती गोष्ट राहिलेली नाही. हा धोका रुपयांत मांडता येत नाही म्हणून तो हिशेबाबाहेर ठेवणे मला मान्य नाही. पण त्यासाठी ४,३५,००० रुपयांची यंत्रणा लागत नाही. खते मोजून सोडणारे पंप आणि त्यांचे नियंत्रण वगळून केवळ विद्युत व्हॉल्व्ह, वेळेनुसार चालणारा साधा नियंत्रक आणि मोबाइलवरून चालणारा स्टार्टर यांचे स्वतंत्र कोटेशन मागवावे. मजुरीच्या ४८,००० रुपयांच्या बचतीवर उलटा हिशेब केला, तर या कामासाठी दीड लाखापुढे जाऊ नये. खते तूर्त व्हेंच्युरीनेच, म्हणजे पाण्याच्या दाबावर खत ओढणाऱ्या साध्या उपकरणानेच, सोडावीत.

चाळीचे सेन्सर घेऊ नयेत. प्रस्तावात पंखा नाही, हवा खेळवण्याची सोय नाही. फक्त आत उकाडा आणि दमटपणा वाढल्याचा निरोप येणार आहे. तो निरोप मिळाल्यावरही आपण चाळ उघडून कांदा निवडणार आणि बाजार पाहून विकणार, जे आपण आजही करता.

कृषी पायाभूत सुविधा निधीतून व्याज कमी होईल, असेही आपल्याला सांगितले गेले आहे. २०२० मध्ये सुरू झालेल्या या योजनेत २ कोटी रुपयांपर्यंतच्या कर्जावर सात वर्षांपर्यंत ३ टक्के व्याजसवलत आहे, हे खरे. परंतु बागेतील सेन्सरसारख्या गोष्टी त्यात २०२४ पर्यंत मुख्यतः शेतकरी उत्पादक कंपन्या आणि गटांसाठी येत, नंतर त्या इतर पात्र लाभार्थ्यांनाही खुल्या झाल्या, म्हणून बँकेच्या शाखेकडून पात्रतेचे लेखी उत्तर घ्यावे. सवलत मिळाली तरी २,८०,००० रुपयांवर पहिल्या वर्षी ८,४०० रुपये वाचतील. घसारा दाखवून कर वाचेल, हा मुद्दा आपल्याला लागूच नाही. शेतीचे उत्पन्न मुळातच करमुक्त आहे.

ठेव मोडू नये. मुलगी दोन वर्षांनी अभियांत्रिकीला जाईल असे आपण लिहिले आहे. त्या वेळी ही रक्कम रोख हवी असेल, आणि तोपर्यंत आणखी एक हंगाम बिघडला तर घराला आधारही या ठेवीचाच आहे. हवामान केंद्राचा खर्च येत्या मालाच्या पैशांतून करावा. पीककर्जातून तो करू नये, कारण ते हंगामाअखेर फेडायचे असते. व्हॉल्व्हसाठी लहान मुदत कर्ज घेतल्यास हप्ता मासिक न ठेवता वर्षातून एकदा, माल विकल्यानंतरचा मागून घ्यावा.

विक्रेत्याशी करार करताना वर्गणी बंद केली तरी उपकरण निदान चालू आकडे दाखवील का, जुन्या नोंदी कोणाच्या मालकीच्या, आणि गोडी छाटणीनंतरच्या (फळासाठीच्या छाटणीनंतरच्या) दिवसांत बिघाड झाला तर माणूस किती तासांत बांधावर येईल, हे तिन्ही मुद्दे कागदावर घ्यावेत आणि किमतीचा पाचवा हिस्सा पहिला माल निघेपर्यंत हाती राखावा. दोन वर्षांत वसुलीची लेखी खात्री देणाऱ्याला ही अट जड वाटू नये.