वाचक विचारतात : फ्लॅट रिकामे, मग खोली का मिळत नाही?

प्रश्न : कोल्हापूरला लागून असलेल्या आमच्या उचगावात शेतं गेली आणि अपार्टमेंट उठली. बिल्डर म्हणतात लोकसंख्या वाढतीये, घरं कमी पडतायत. पण रात्री गॅलरीतनं बघितलं तर निम्म्या फ्लॅटमधे लाईट नाही. खरं काय समजायचं? (निवृत्त शिक्षक, उचगाव)

सर, बिल्डर अर्धं खरं बोलतोय, त्याच्या सोयीचं अर्धं. लोकसंख्या वाढते म्हणजे पोरं जास्त होतात असं आपल्या डोक्यात बसलंय, पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात एका बाईमागे सरासरी १.७ मुलं निघाली, आणि लोकसंख्या आहे तेवढी राहायला २.१ लागतात. मग घरं कशाला लागतायत? माणसं वाढली म्हणून कमी, चुली वाढल्या म्हणून जास्त. कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेतल्या एका जुन्या घरात चार भाऊ, बायकापोरं, आजी सगळे मावायचे, आता तेच चार भाऊ चार ठिकाणी, एकाची मुलगी हिंजवडीला, आणि तिचे आई-बाप दोघंच थ्री बीएचकेत. माणसं तेवढीच, दारं पाच.

दुसरी गोष्ट जागेची. कोल्हापूर शहराची लोकसंख्या २००१ ला ४ लाख ९३ हजार होती आणि २०११ ला ५ लाख ४९ हजार, म्हणजे फार काही फुगली नाही. हद्दवाढीवरनं भांडणं, बंद, मोर्चे चालूच राहिले पण माणसं काही हद्दीची वाट बघत बसत नाहीत, ती पाचगाव, कळंबा, मोरेवाडी आणि तुमच्या उचगावात गेली. तिथल्या ४२ गावांसाठी २०१७ मधे विकास प्राधिकरण केलं, पण ड्रेनेज, पाणी, कचरा हे घरं उठायच्या आधी यायला पाहिजे होतं, आपल्याकडं नेहमी उलटं.

आणि तुमच्या अंधाऱ्या फ्लॅटांचं. २०११ च्या जनगणनेत देशातल्या शहरांत १ कोटी १० लाखांच्या वर घरं रिकामी होती. पुढच्याच वर्षी केंद्र सरकारच्या तज्ञ गटानं शहरांत १ कोटी ८८ लाख घरांची टंचाई काढली. दोन्ही आकडे खरे, कारण टंचाईतली जवळजवळ ९६ टक्के कुटुंबं गरीब आणि कमी उत्पन्नाची, आणि बहुतेकांना डोक्यावर छप्पर आहे, फक्त एका खोलीत सगळे कोंबलेत. रिकामं असतं ते गुंतवणूक म्हणून घेतलेलं, भाड्यानं दिलं तर कटकट नको म्हणून कुलूप लावलेलं. अजून दहा टॉवर बांधले तरी ती कुटुंबं तिथं जाणार नाहीत, त्यांना परवडणारं भाडं पाहिजे. माझं तर मत आहे की आपल्याकडं घर म्हणजे विकत घ्यायची वस्तू एवढंच डोक्यात आहे, भाड्याच्या घरांचा विचारच कुणी करत नाही.

प्रश्न : मी पुण्यात जॉब करतो, आईबाबांसाठी पंचगंगेच्या बाजूला प्लॉट बघतोय, रेट बराच कमी आहे. एजंट म्हणतो २०१९ ला इथं पाणी फक्त गुडघाभर होतं. घ्यावा का? (आयटी इंजिनियर, पुणे)

रेट कमी का आहे हे एजंटनंच सांगितलंय की भावा! पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३. २०१९ मधे पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, २००५ आणि २०२१ चा पूर पण गावाला आठवतोय. नकाशावर पूररेषा दोन असतात, निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतनं एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतनं एकदाच्या. नदी ते निळी रेषा नवीन बांधकाम नाही, निळी ते लाल मधे परवानगी मिळते पण अटींवर, जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा वर घ्यावं लागतं. म्हणून आधी झोन दाखला आणि पूररेषेचा नकाशा बघ, सात-बारा आणि जमीन बिगरशेती (एनए) झाल्याचा कागद बघ, गुंठेवारीतला तुकडा असला तर वकिलाला दाखवल्याशिवाय टोकन देऊ नको. आणि मुरूम टाकून भराव केला की झालं असं कुणी म्हटलं तर त्याला विचार, ते पाणी जाणार कुठं? शेजारच्या घरात.

नदीकाठच्या प्रयाग चिखली आणि आंबेवाडीच्या लोकांना पुरामुळं सोनतळीला प्लॉट दिले, पण शेत आणि गोठा जुन्या गावात, त्यामुळं पूर आला की अजून जनावरं घेऊन बाहेर पडायचं चालूच आहे. आईबाबांना पण दवाखाना, बाजार, एसटी जवळ लागणार, नदीचा व्ह्यू नाही.

प्रश्न : गोकुळ शिरगावला आमच्या चार खोल्या फौंड्रीतल्या (धातू ओतायच्या कारखान्यातल्या) बिहारी पोरांना दिल्यात. गल्लीवाले म्हणतात बाहेरचे नकोत. (घरमालक ताई)

ताई, ती पोरं उद्या गेली तर फौंड्र्या कोण चालवणार, गल्लीवाले? आणि बाहेरच्यांना जागा देणं इथं नवीन नाही. दुसऱ्या महायुद्धात कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या कॅम्पात सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहिले, नंतर तिथं फाळणीत आलेली सिंधी कुटुंबं वसली आणि आजचं गांधीनगर झालं. लग्नाचा बस्ता बांधायला गल्लीवाले तिथंच जातात ना?

पण तुमच्याकडनं तुम्ही नीट राहा. लिव्ह अँड लायसन्सचा करार रजिस्टर करा, कायद्यानं ती जबाबदारी मालकाची आहे, पोलीस ठाण्याला भाडेकरूंची माहिती द्या. आणि खरं सांगा, एका खोलीत किती जण आणि संडास किती? दहा जणांत एक असेल तर गल्लीची निम्मी तक्रार तिथंच आहे. खिडक्या मोठ्या करा, अजून एक संडास बांधा, भाडं थोडं वाढलं तरी पोरं टिकतात.

प्रश्न : पर्यावरणपूरक घर म्हणजे सोलर बसवलं की झालं का? (कळंबा)

नाही. सोलर शेवटी. आधी घर लहान ठेवा, पश्चिमेच्या भिंतीला ऊन लागू देऊ नका, छताचं पाणी बोअरजवळ जिरवा, आणि अंगणभर पेव्हर ब्लॉक टाकू नका, जमिनीला पाणी पिऊ द्या. जुनं घर मजबूत असेल तर पाडू नका, दुरुस्त करा, त्यात सिमेंट, वीट, वाळू सगळंच वाचतं. उरलेल्या पैशात सोलर बसवा खुशाल.