'या रायेह' (म्हणजे 'अरे, निघालेल्या') हे अरबी गाणं मूळ गायक रशीद ताहाचं आहे का? आणि ते आनंदाचं गाणं आहे का?

दोन्हींचं उत्तर 'नाही'. मूळ गाणं अल्जेरियाच्या दहमान अल-हर्राशीचं. शब्द त्याचे, चाल त्याची, साल 1973 च्या आसपासचं. आणि ताल कितीही नाचरा असला तरी हे घर सोडून निघालेल्या माणसाला समजावणारं गाणं आहे.

दहमान 1949 मध्ये फ्रान्सला गेला आणि पॅरिसच्या ज्या कॅफेंमध्ये अल्जेरियन कामगार संध्याकाळी जमायचे, तिथे वर्षानुवर्षं गायला. त्याचा बाज 'शाबी', म्हणजे अल्जियर्स शहराचं लोकप्रिय संगीत. जुने शाबी गायक लांबलचक, जुन्या वळणाची काव्यं गात; दहमानने रोजच्या बोलीत गाणी रचली. आवाज घोगरा, अजिबात घोटवलेला नाही. 'या रायेह'मध्ये तो विचारतो: कुठे निघालास? दमशील आणि परत येशील. तुझ्या-माझ्या आधी कितीजण असेच पस्तावले. मग हिशोब मांडतो, किती देश पाहिलेस, किती काळ वाया घालवलास, अजून किती घालवणार? शेवटाकडे म्हणतो की तुझी खबर मला कळली, तुझ्यावर जे गुदरलं तेच माझ्यावरही. माझ्या मते सगळं गाणं या कबुलीवर उभं आहे. उपदेश करणारा काठावर उभा नाही, तोही त्याच पाण्यात आहे.

गाणं आलं त्याच सुमारास, 1974 मध्ये, फ्रान्सने नव्या परदेशी कामगारांना दार बंद केलं. दहमान 1980 मध्ये मोटार अपघातात गेला.

रशीद ताहा पुढच्या पिढीचा. जन्म 1958 चा, दहा वर्षांचा असताना आईवडिलांबरोबर फ्रान्सला आलेला. वडील कापड कारखान्यात कामाला. म्हणजे हे गाणं ज्यांना उद्देशून होतं, त्यांचाच हा मुलगा. आधी रॉक बँडमध्ये गायचा. त्याने 1993 मध्ये 'या रायेह' गायलं आणि काही वर्षांनी ते जगभर पोचलं. त्याने ऊद (अरबी तंतुवाद्य) आणि दरबुका (हाताने वाजवायचा ढोल) पुढे आणले, खाली भक्कम ठेका दिला, पण शब्द अरबीच ठेवले. मला हे फार मोलाचं वाटतं. फ्रेंच कडवी घालून गाणं सोपं करता आलं असतं, त्याने केलं नाही.

सप्टेंबर 1998 मध्ये पॅरिसच्या बेर्सी सभागृहात खालेद आणि फोदेल हे अल्जेरियन मुळांचे गायक आणि ताहा एकत्र गायले. अल्जेरियन वंशाच्या झिदानच्या फ्रेंच संघाने फुटबॉलचा वर्ल्डकप जिंकून जेमतेम अडीच महिने झाले होते. त्या मैफलीचं रेकॉर्डिंग जरूर ऐका.

पण सुरुवात दहमानपासून करा. त्याच्या आवाजातला थकवा एकदा कानात बसला, की ताहाच्या ठेक्यावर पाय हलत असतानाही शब्द काय म्हणताहेत ते ऐकू येत राहतं.