पालकांचे प्रश्न : विचारावे की गप्प राहावे?

प्रश्न : माझा मुलगा अकरावी विज्ञान शाखेत आहे. सकाळी कॉलेज, दुपारनंतर ‘नीट’चा क्लास. दिवाळीपासून त्याचे बोलणे कमी झाले. क्रिकेट सोडले, जेवायला हाक मारली की ‘भूक नाही’ म्हणतो, साध्या बोलण्यावर चिडतो आणि रात्री दोन-अडीचपर्यंत जागा असतो. यजमानांच्या मते ही अभ्यास टाळण्याची नाटके आहेत. त्यांनी मोबाइल काढून घेतला आहे. सासूबाई दृष्ट काढतात. मागच्या आठवड्यात त्याच्या वहीच्या शेवटच्या पानावर ‘मी नसतो तर सगळ्यांचे बरे झाले असते’ असे लिहिलेले दिसले. विचारले तर नको ते डोक्यात शिरेल, या भीतीने मी गप्प आहे. मनोविकारतज्ज्ञाकडे नेले तर मुलावर शिक्का बसेल, असे यजमान म्हणतात. आम्ही शेतकरी कुटुंब आहोत. काय करावे?
– एक आई, जि. अहिल्यानगर

उत्तर : आपल्या पत्रातील बाकी सर्व प्रश्न दोन-चार दिवस थांबू शकतात, पण वहीतील ती ओळ थांबू शकत नाही. आत्महत्येविषयी थेट विचारल्याने तो विचार मनात रुजतो, ही समजूत घरोघरी आढळते. ती खरी नाही. ज्याच्या मनात असे काही घोळत असते, त्या मुलाला कोणीतरी स्पष्ट विचारल्याने बहुधा मोकळेच वाटते. म्हणून आजच, दोघेच असताना त्याच्याशी बोलावे. समोरासमोर बसून जमत नसेल, तर शेंगा सोलताना किंवा जेवणानंतर अंगणात फेऱ्या मारताना बोलणे सोपे जाते. ‘तुझ्या वहीतले मी वाचले. मला राग आलेला नाही, काळजी वाटते आहे. जीव द्यावा असे तुझ्या मनात येते का?’ इतक्या सरळ शब्दांत विचारावे. मग तो बोलेपर्यंत थांबावे. नेमके हेच आपल्याला जड जाते, आणि ‘अरे, तुला काय कमी आहे?’ किंवा ‘असले अभद्र बोलू नये’ असे आपण बोलून जातो. तिथे मुलाचे तोंड मिटते.

उत्तर ‘हो’ आले, तर काही ठरवले आहे का, हेही विचारावे. ठरवले असेल, तर त्याला क्षणभरही एकटे न सोडता त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे. ‘टेलिमानस’ ही केंद्र सरकारची सेवा ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. 14416 या क्रमांकावर रात्री-अपरात्रीसुद्धा विनामूल्य आणि मराठीत बोलता येते, आणि मुलगा तयार नसला तरी आपण स्वतः फोन करू शकता. त्याचे उत्तर ‘नाही’ आले तरी एक काम मात्र आजच करावे : फवारणीची औषधे, तणनाशके आणि सासूबाईंच्या गोळ्या कुलूपबंद करून किल्ली मोठ्या माणसाने जवळ ठेवावी. जीव देण्याची तीव्र ऊर्मी अनेकदा थोडाच वेळ टिकते, आणि त्या वेळात साधन हाताशी नसणे यानेच कित्येक जीव वाचतात.

आता नाटकांविषयी. पत्रावरून मी निदान करणार नाही. मात्र किशोरवयात नैराश्य रडण्यातून दिसण्याऐवजी पुष्कळदा चिडचिडीतून दिसते, आणि आवडीच्या गोष्टी, भूक व झोप यांतले असे बदल दोन आठवड्यांहून अधिक टिकले तर तज्ज्ञाला दाखवावेच लागते. दिवाळीपासून धरले तर ती मुदत केव्हाच उलटली आहे. जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात दाखवता येते. तिथे डॉक्टर मुलाशी एकट्याने बोलतील, त्याचे वाईट वाटून घेऊ नये. औषध दिलेच, तर नैराश्यावरील गोळ्यांचा गुण येण्यास काही आठवडे लागतात. त्यांचे व्यसन लागत नाही, पण त्या आपल्या मनाने बंद करू नयेत, आणि पहिल्या काही आठवड्यांत अस्वस्थता वाढल्यास डॉक्टरांना लगेच कळवावे. शिक्क्याविषयी यजमानांना एवढे सांगावे की 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिला आहे. सासूबाईंच्या दृष्ट काढण्यात माया आहे. तिला विरोध करण्यात शक्ती घालवू नये, फक्त त्यापायी डॉक्टरांची भेट लांबता कामा नये.

मोबाइल परत द्यावा. तो काढून घेतल्याने मुलाचे उरलेसुरले मित्रही तुटतात. रात्री मात्र घरातल्या सर्वांचे, म्हणजे यजमानांचेसुद्धा, फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावावेत. या वयात झोप नैसर्गिकपणेच उशिरा येते आणि तरीही आठ ते दहा तासांची लागते. पहाटे उठवण्याचा आग्रह म्हणूनच सोडावा. क्लास महिनाभर बंद ठेवला तरी फारसे बिघडणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘नीट’ची निवड मुळात कोणाची होती, हे मात्र तो सावरल्यावर त्यालाच विचारावे.

प्रश्न : दहावीतील मुलगी मैत्रिणींशी तासन्‌तास बोलते, आमच्याशी नाही. तिचे व्हॉट्सॲप तिच्या नकळत वाचावे का? – एक वडील, ठाणे

उत्तर : वाचू नये. या वयात मन मैत्रिणींकडे मोकळे होणे स्वाभाविक आहे, आणि चोरून वाचल्याचे उघड झाले की उरलेला विश्वासही जातो. अपवाद एकच : कोणी धमकावत असल्याची किंवा ती स्वतःला इजा करत असल्याची रास्त शंका असेल, तर फोन पाहावा, पण तिला सांगून. ‘तुझा फोटो दाखवून कोणी धमकावले, तर मी आधी तुझ्या बाजूने उभा राहीन, रागावणे नंतर’ हे आजच तिला सांगून ठेवावे. रागाच्या भीतीने मुली अशा गोष्टी दडवतात. 1098 हा बालसाहाय्यासाठीचा क्रमांकही तिच्या फोनमध्ये तिलाच नोंदवू द्यावा.